बोंबलाचे गोत

१७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने ‘सिस्टेमा नॅचुरे’ या आपल्या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढली. तोवर माहीत असलेले सगळे प्राणी त्याने सहा वर्गांत बसवले: सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. त्या साली वसई मराठ्यांकडे येऊन १९ वर्षे झाली होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांचे इथले राज्य संपले. तटाखालच्या बंदरातली मासेमारी मात्र तशीच चालू होती. बोंबील येत होता, मांदेली येत होती, मुशी आणि पाकट येत होते. लिनियसच्या तक्त्याप्रमाणे पाहिले तर त्यातली मुशी मासाच नव्हती. शार्क आणि पाकट या साऱ्या जातींना त्याने माशांतून बाहेर काढून बेडूक, सरडे आणि साप यांच्याबरोबर उभयचरांच्या वर्गात टाकले होते. त्या वर्गात ‘पोहणारे उभयचर’ असा एक वेगळा गट करून मुशीला तिथे जागा दिली होती.

हा गोंधळ निष्काळजीपणातून झालेला नव्हता. लिनियस अवयव पाहून ठरवत होता. मुशीच्या गालाला इतर माशांसारखी कल्ल्यांवरची झाकणे नाहीत, नुसत्या उघड्या फटी आहेत. हाडे खरी हाडे नाहीत, कूर्चा आहे. आणि तिला फुप्फुसासारखे काही असावे असा त्याचा समज होता. त्यातला शेवटचा समज चुकीचा निघाला, पण पहिली दोन निरीक्षणे आजही तंतोतंत खरी आहेत. त्याच आवृत्तीत त्याने देवमासा आणि डॉल्फिन यांना माशांतून उचलून सस्तन प्राण्यांत आणले. आधीच्या आवृत्त्यांत तेही मासेच होते. गरम रक्त, हवेतून श्वास आणि पिलाला दूध, ही तीन लक्षणे त्याने शरीराच्या आकारापेक्षा मोठी मानली. एकाच पुस्तकात एका प्राण्याला योग्य घर मिळाले आणि दुसऱ्याचे सुटले. पुढच्या अडीचशे वर्षांत पृष्ठवंशी प्राण्यांच्या वर्गीकरणात जे घडले ते सगळे या एका प्रश्नाभोवती घडले: कोणता अवयव मोठा मानायचा? आणि हे समजून घ्यायला वसईच्या किनाऱ्याइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही, कारण इथल्या जाळ्यात जवळजवळ सगळे वर्ग एकत्र येतात.

वसई, नायगाव, अर्नाळा, उत्तन या पट्ट्यातली जुनी मासेमारी डोल जाळ्याची आहे. डोल हे शंकूच्या आकाराचे लांबलचक जाळे. तळाशी ठोकलेल्या खुंटांच्या आधाराने त्याचे तोंड प्रवाहासमोर उघडे ठेवायचे आणि बाकीचे काम भरती-ओहोटीवर सोडायचे. पाण्याच्या ओढ्याबरोबर जे वाहत येईल ते मागच्या निमुळत्या खोळीत साठते. उधाणाला ओढा जोराचा, म्हणून मासळी भरपूर, भांगाला कमी. हे जाळे कुणाच्या मागे धावत नाही आणि कुणाला निवडतही नाही. म्हणून त्यात बोंबील आणि मांदेलीबरोबर जवळा आणि करंदी येते, ज्यांना पाठीचा कणाच नाही. छोटी मुशी येते, पाकट येतो. कधी समुद्री साप अडकतो. त्याची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असली तरी त्याला फुप्फुस आहे, आणि वर येऊन श्वास घेता आला नाही तर तो पाण्यातच गुदमरतो. कधी कासव सापडते, क्वचित डॉल्फिनही. त्यांचीही गत तीच. होडी धक्क्याला लागली की बगळे, घारी आणि कुरव पक्षी तयारच असतात. पृष्ठवंशींचा एकच वर्ग इथे नसतो, बेडकांचा. उभयचरांची कातडी ओली आणि पातळ, श्वासही त्यातून घ्यायचा, त्यामुळे खारे पाणी त्यांना सोसत नाही. बेडकाकडे आपण पुढे येऊ, कारण या किनाऱ्याचा बेडूकही इतिहासात आहे. फक्त तो दगडात सापडला.

मुशीबद्दल मात्र इथेच सांगायला हवे. वसई-मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या छोट्या मुशीचे शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. तिच्या कातडीवर उलट्या दिशेने हात फिरवला तर खरखरीत लागते, कारण तिचे खवले म्हणजे सूक्ष्म दातच असतात. मानेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फटी, सांगाडा कूर्चेचा. इथवर ती सरळसरळ कूर्चामत्स्य आहे. पण ती अंडी घालत नाही. तिची पिले पोटात वाढतात, आणि ती आईच्या शरीराशी वारेसारख्या अवयवाने जोडलेली असतात. १९४० च्या दशकात मुंबईच्या मत्स्य खात्यातले एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी मुंबईच्या पाण्यातल्या मुशी-पाकटांचा बारकाईने अभ्यास केला, त्यात या मुशीच्या गर्भवाढीचे काम मोलाचे आहे. भूमध्य समुद्रातल्या एका मुशीत असेच काही ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पाहून लिहून ठेवले होते. शाळेत आपण पाठ करतो की सस्तन प्राणी पिलांना जन्म देतात आणि मासे अंडी घालतात. वसईची मुशी कापणाऱ्या बाईला हे खरे नाही हे रोज दिसते. सस्तनाची खरी खूण दूध आहे, केस आहेत. नुसता पिलाचा जन्म पुरत नाही.

आता बोंबील.

इंग्रजांच्या नजरेत तो फार आधी आला होता. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबईत होता आणि पोर्तुगीजांची वसईही पाहून गेला. माझगावविषयी लिहिताना त्याने हा मासा गरिबांचे अन्न म्हणून नोंदवला आहे. फ्रायरला त्याची चव आणि किंमत ठाऊक होती. त्याचे गोत कोणते हा प्रश्न त्याच्या काळात कुणाला पडलेला नव्हता. तो प्रश्न पडला १८२२ साली, आणि तोही मुंबईत किंवा वसईत पडला नाही. कंपनीच्या नोकरीत बंगालची पाहणी केलेला फ्रान्सिस बुकॅनन, जो पुढे हॅमिल्टन या आडनावाने लिहू लागला, त्याने गंगा आणि तिच्या शाखांतल्या माशांवर एडिनबर्गमध्ये ग्रंथ छापला. त्यात बोंबलाला पहिले शास्त्रीय नाव मिळाले: ऑस्मेरस नेहेरियस. नेहेरियस हे बंगालकडच्या नावावरून घेतलेले.

वसईचा मासा बंगालमध्ये कसा? बोंबलाची वस्ती सलग नाही. पश्चिम किनाऱ्यावर तो साधारण रत्नागिरीपासून वर, मुंबई, वसई, पालघर आणि सौराष्ट्राच्या बाजूला उदंड आहे. दक्षिणेला गेले की तो जवळजवळ नाहीसा होतो आणि मग पूर्व किनाऱ्यावर, बंगालच्या खाड्यांजवळ पुन्हा भेटतो. गाळाचे, गढूळ, नद्यांचे पाणी मिसळलेले उथळ समुद्र त्याला मानवतात. सुंदरलाल होरा यांनी १९३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात बोंबलावर लिहिले, तेव्हा हे विस्कळीत वाटप हा महत्त्वाचा विषय होता.

हॅमिल्टनने त्याला ऑस्मेरस या प्रजातीत घातले. ऑस्मेरस म्हणजे थंड पाण्यातले, सामन माशाचे नातेवाईक. कारण उघड होते, आणि ते आपल्यालाही स्वयंपाकघरात पाहता येते. ताजा बोंबील हातात धरून पाठीवरून शेपटीकडे बोट नेले, तर मोठा पर संपल्यावर बऱ्याच अंतराने एक इवला, काटा नसलेला, मांसल पर लागतो. असा पर सामनच्या घराण्याची ओळख मानला जाई. हॅमिल्टनने तो पाहिला आणि बोंबलाला सामनच्या दाराशी नेऊन ठेवले. तीनच वर्षांनी, १८२५ मध्ये, फ्रेंच चित्रकार आणि प्राणिशास्त्रज्ञ शार्ल लेस्यूर याने फिलाडेल्फियात हाच मासा वेगळा समजून सामनच्याच प्रजातीत नोंदवला आणि त्याच्या बारीक डोळ्यांवरून त्याला नाव दिले. पण लेस्यूरने आणखी एक गोष्ट पाहिली आणि तीच टिकली. त्याने दात पाहिले. आतल्या बाजूला वळलेले, आकड्यासारखे, कोयत्याच्या पात्यासारखे दात. त्यावरून त्याने हार्पाडॉन हे नाव काढले, आणि आज बोंबलाची प्रजाती याच नावाने ओळखली जाते: हार्पाडॉन नेहेरियस.

हे दात आणि तो जबडा वसईत प्रत्येक हंगामात कामाला येतात. पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळा इथे बांबूंच्या वलांडी उभ्या राहतात. बायका दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर लटकवतात. गाठ नाही, दोरा नाही. वाऱ्याने जोडी सुटत नाही, कारण आत वळलेले दात एकमेकांत रुततात. ज्या अवयवाला लेस्यूरने सगळ्यांत मोठे मानले त्यालाच वसईच्या कोळणींनीही मोठे मानले होते. दोघांची गरज वेगळी होती. माशाच्या शरीरातली सगळ्यांत वेगळी गोष्ट कोणती, याचे उत्तर दोघांचे एकच आले.

त्याच सुमारास देशावर दुसऱ्या एका माणसाचे काम चालू होते, त्याचाही उल्लेख इथे हवाच. मुंबई इलाख्याच्या सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. माणूस हिशेबाचा, पण त्याने प्राणी आणि पक्षीही गोळा केले, नद्यांतले मासे पाहिले आणि बाजारातली मराठी नावे लिहून घेतली. १८३१ मध्ये त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे ठेवली. त्यात कोळसून किंवा कोळसुंदा नावाने ओळखला जाणारा रानकुत्रा होता. पुढच्या वर्षी पक्ष्यांची यादी आली. १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचा लेख आला आणि त्यात मराठी नावे लॅटिन व्याकरणात शिरली: खुद्री, कोलस, पोटैल, शिंगटी. आज भीमा किंवा कृष्णेतल्या महसीर माशाला जगभरचे अभ्यासक टॉर खुद्री म्हणतात ते साइक्समुळे. घाटावरच्या माशांना मराठी माणसांनी दिलेली नावे कायमची मिळाली आणि किनाऱ्यावरच्या बोंबलाला मात्र बंगालचे नाव लागले. आधी कोण कुठे पोहोचला, एवढेच त्याचे कारण. मांदेलीचेही तसेच: कॉइलिया ड्युसुमिएरी हे तिचे नाव फ्रेंच व्यापारी ड्युसुमिए याच्यावरून आहे, जो भारताच्या किनाऱ्यावरून जहाजे भरता भरता पॅरिसच्या कुव्हिएसाठी प्राणी गोळा करत असे. व्हॅलेन्सिएनने १८४८ मध्ये ते दिले. त्याआधीच्या दशकांत पॅरिसमध्ये कुव्हिए आणि व्हॅलेन्सिएन माशांवरचा २२ खंडांचा ग्रंथ सिद्ध करत होते आणि जगातली बंदरे त्यांना मासे पुरवत होती.

कुव्हिएचे नाव निघाले आहे तर त्याचे मोठे काम सांगायला हवे. लिनियसने प्राण्यांचे सहा वर्ग केले, पण कणा असणे ही खूण त्याने सर्वांत वर ठेवली नाही. लामार्कने कणा असलेले आणि नसलेले अशी फाळणी केली. कुव्हिएने १८१२ मध्ये प्राणिसृष्टीच्या चार मोठ्या शाखा केल्या आणि त्यातली एक पृष्ठवंशींची: मेंदू कवटीत, मज्जारज्जू कण्यात, शरीराच्या दोन बाजू सारख्या, लाल रक्त. या शाखेत सस्तन, पक्षी, सरपटणारे आणि मासे. मुशी इथे परत माशांत आली. बेडूक मात्र कुव्हिएच्याही हिशेबात सरपटणाऱ्यांतच राहिला. त्याला स्वतंत्र वर्ग मिळायला त्याच काळातल्या दुसऱ्या फ्रेंच अभ्यासकांची मदत लागली. त्यांनी पाहिले ते बेडकाचे बालपण. अंड्यातून बाहेर पडलेले बेडकाचे पिल्लू कल्ल्यांनी श्वास घेते आणि पुढे रूप पालटते. सरड्याचे पिल्लू जन्मतःच लहान सरडा असते. प्रौढ प्राण्यावरून जे कळत नव्हते ते त्याच्या वाढीने सांगितले.

आणि दगडातला बेडूक. मुंबईच्या वरळी टेकडीत लाव्हाच्या थरांखाली गाळाचे काळे खडक आहेत. त्यांत लहानशा बेडकांचे सांगाडे मोठ्या संख्येने सापडले. ते लंडनला गेले आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेनने त्यांचे वर्णन केले. डायनोसॉर हे नाव ज्याने १८४२ मध्ये दिले तोच हा ओवेन. त्याने वरळीच्या बेडकाला नेहमीच्या बेडकांच्या प्रजातीत घातले आणि राना पुसिला म्हटले, म्हणजे इवला बेडूक. हे बेडूक सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यांत राहत होते, लाव्हाचे पूर येत होते त्या काळात. १९३० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ नोबल यांनी तेच सांगाडे नव्याने तपासले आणि त्याला राना प्रजातीतून बाहेर काढून इंडोबॅट्राकस हे नवे घर दिले. एका किनाऱ्यावरच्या दोन प्राण्यांचे, बोंबलाचे आणि बेडकाचे, नशीब सारखे निघाले: पहिल्यांदा ओळखीच्या घरात ठेवले गेले आणि नीट पाहिल्यावर बाहेर आले.

बोंबील सामनच्या दारातून हलला तो १८६४ साली. ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंथर माशांची आठ खंडांची सूची करत होता. पाचव्या खंडात त्याने बोंबलाला स्कोपेलिडी या कुलात नेले. त्या कुलात सॉरिडा ही प्रजातीही होती. तिच्यातला सॉरिडा टंबिल हा मासा आपल्या बाजारात चोर बोंबील म्हणून ओळखला जातो. मला या इतिहासातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते. चोर बोंबलाला खवले आहेत, अंग घट्ट आहे, रंग वेगळा आहे. नुसत्या दिसण्यावरून तो आणि लुसलुशीत, पाण्याने भरलेला, पुढच्या अर्ध्या अंगावर खवले नसलेला बोंबील एका घरचे वाटत नाहीत. तरी मासळी विकणाऱ्यांनी त्यांची नावे एकत्र बांधली. लांब फाटलेला जबडा, त्यात दाटीने दात, आणि पाठीवर मागे तोच इवला मांसल पर. बाजार हे पाहत होता. ग्युंथरच्या हातात स्पिरिटमधले नमुने होते, बाजाराच्या हातात ताजे मासे, आणि दोघांनी दोन मासे एका ओळीत ठेवले.

ग्युंथरनंतर फ्रान्सिस डे आला. मद्रासच्या लष्करातला हा डॉक्टर पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक झाला. १८७५ ते १८७८ या काळात त्याचे ‘द फिशेस ऑफ इंडिया’ भागांनी बाहेर पडले. भारताच्या माशांवरचे ते मुख्य पुस्तक आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. डे आणि ग्युंथर यांचे पटत नव्हते. त्या वितुष्टाची किंमत आपल्या अभ्यासकांना चुकवावी लागली, असे माझे मत आहे: डेने आपल्या माशांचा मोठा संग्रह १८८३ मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमला विकला, आणि हिंदुस्थानच्या कित्येक माशांचे मूळ नमुने आज दुसऱ्या गोलार्धात आहेत. माशाचे नाव पक्के करायचे तर मूळ नमुना हातात घ्यावा लागतो.

त्याच १८८३ साली, १५ सप्टेंबरला, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आठ माणसे एकत्र आली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. सहा युरोपियन, दोन भारतीय. ते दोघेही डॉक्टर: सखाराम अर्जुन आणि आत्माराम पांडुरंग. सखाराम अर्जुन वनस्पतींचे जाणकार होते. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणूनही त्यांची ओळख आहे. आत्माराम पांडुरंग हे तर्खडकर, आणि तर्खड हे वसईजवळचे गाव. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग त्यांचे थोरले बंधू. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्यावहिल्या डॉक्टरांपैकी आत्माराम एक, १८६७ मध्ये प्रार्थना समाज सुरू करणाऱ्यांत एक, १८७९ मध्ये मुंबईचे शेरीफ. दादोबांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, म्हणजे भाषेतले शब्द जातींनुसार लावून दिले. धाकट्या भावाने प्राण्यांचे जातीनुसार जतन करणारी संस्था उभारायला हात दिला. वसईच्या एका गावच्या घराण्याने मराठीला आणि या प्रदेशाच्या निसर्गाला, दोन्हींना शिस्त लावण्याच्या कामात हात दिला, याचा वसईकरांना अभिमान वाटायला हवा. तो अजून पुरेसा वाटत नाही.

संस्थेची सुरुवात साधी होती. नमुने आणायचे, एकमेकांना दाखवायचे, चर्चा करायची. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्टमधल्या आपल्या दुकानाची जागा दिली आणि पेट्या, बाटल्या, कातडी तिथे जमू लागली. १८८६ मध्ये नियतकालिक सुरू झाले. १९११ मध्ये संस्थेने खानदेशातून सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली, जी १९२३ पर्यंत देशभर चालली आणि जिच्यात सुमारे २५ हजार नमुने जमा झाले. नंतरच्या पिढ्यांना वटवाघळे, उंदीर, खारी ओळखता आल्या त्या या कवट्या आणि कातड्यांवरून. सस्तन प्राण्यांत ओळख पटवणारा सर्वांत विश्वासाचा अवयव दात आहे. सापडलेल्या जबड्याच्या एका तुकड्यावरून उंदराची जात सांगता येते. वसईला लागून असलेल्या तुंगारेश्वरच्या डोंगरात, जिथे २००३ मध्ये अभयारण्य झाले, तिथला बिबट्या, भेकर किंवा साळिंदर यांची नोंद आज कुणी करते तेव्हा त्यामागे हेच काम असते.

१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरचाही उल्लेख करायला हवा. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या या खंडात वसई हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. इथले मासे, जनावरे, होड्या, जाळी आणि कोळी लोक यांची माहिती तिथे आहे. ती सांगणाऱ्या वसईच्या तांडेलांची नावे मात्र त्यात नाहीत.

विसाव्या शतकात बोंबलावर भारतीयांनी जे काम केले त्यात एस. व्ही. बापट यांचा ग्रंथ मुख्य आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. बोंबील काय खातो, केव्हा अंडी घालतो, किती वाढतो आणि डोल जाळ्यात कोणत्या वयाचा येतो, हे सगळे एका जागी तिथे मिळते. तीन वर्षांनी, १९७३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये डॉन रोझेन यांनी बोंबलाला आणखी एकदा हलवले. स्कोपेलिडी कुलात खोल समुद्रातले दिव्यांचे मासेही होते. रोझेन यांनी बोंबील, चोर बोंबील आणि त्यांचे सोयरे तिथून वेगळे काढून ऑलोपिफॉर्मीस हा नवा गण केला. या वेळी आधार होता कल्ल्यांच्या कमानीतले एक लहानसे हाड. त्या हाडाला एक लांब फाटा आहे, तो या साऱ्यांत सारखा आणि इतरांत नाही. बोंबील आणि चोर बोंबील आज सायनोडॉन्टिडी या एकाच कुलात आहेत. पाठीवरच्या ज्या मांसल पराने हॅमिल्टनला सामनकडे नेले तो पर सामनमध्ये आणि बोंबलात दोन्हीकडे आहे, पण त्यावरून नाते ठरत नाही. माशांच्या किती तरी घराण्यांत तो आहे.

याच काळात जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांची पद्धत रुजली. १९५० मध्ये जर्मनमध्ये आणि १९६६ मध्ये इंग्रजीत मांडलेला त्यांचा आग्रह असा: गट तोच खरा, ज्यात एका पूर्वजाची सगळी संतती आहे. या कसोटीवर जुने तक्ते हलले. पक्षी सरपटणाऱ्यांच्या घरात गेले, कारण मगरीचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक पक्षी आहेत. आणि मासे हा एक गटच उरला नाही. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या एका शाखेतून जमिनीवरचे सगळे पृष्ठवंशी आले. कूर्चेचा सांगाडा असलेली मुशी त्याच्या आधीच, ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झालेली होती. म्हणजे वसईच्या एका टोपलीत बोंबील आणि मुशी शेजारी पडलेले असले, तरी नात्याने बोंबील मुशीपेक्षा ती टोपली उचलणाऱ्या बाईच्या अधिक जवळचा आहे. लिनियसने मुशीला माशांतून वेगळे काढले तेव्हा त्याचे एक कारण चुकले होते. ती वेगळी आहे हे त्याचे म्हणणे दोनशेहून अधिक वर्षांनी वेगळ्या रीतीने खरे ठरले.

हे सारे बंदरावरच्या माणसाच्या पोटापर्यंत कसे पोहोचते ते पापलेटच्या गोष्टीत दिसते. पालघर जिल्ह्यात, विशेषतः सातपाटीत, पापलेट हा जगण्याचा आधार आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केले. पिल्लाच्या वयातच पापलेट पकडला जाऊ नये ही इथल्या मच्छीमार संस्थांची जुनी मागणी आहे. माशाची किमान लांबी ठरवायची, तर तो कोणत्या लांबीला अंडी घालण्याजोगा होतो हे माहीत हवे; आणि तो आकडा जातीगणिक बदलतो. आपल्या पापलेटला आजवर पॅम्पस अर्जेंटियस म्हणत आले, जे नाव स्वीडनच्या यूफ्रासेनने १७८८ मध्ये चीनच्या पापलेटला दिले होते. गेल्या काही वर्षांत पराच्या काट्यांची आणि कण्याच्या मणक्यांची मोजणी तसेच डीएनए या दोन्हींवरून अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे की अरबी समुद्रातला आपला पापलेट वेगळ्या जातीचा आहे. त्याच्यासाठी कुव्हिएने १८२९ मध्ये दिलेले, मधल्या काळात बाजूला पडलेले एक नाव त्यांनी पुन्हा पुढे आणले: पॅम्पस कँडिडस.